बसले म्हणजे जुळले नव्हे
मेमरी कार्ड आणि कार्ड रीडर : एका वस्तूचे परीक्षण

२०२३ च्या दिवाळीनंतर महाड येथे शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही गेलो होतो. विषय होता शाळेतील पर्जन्यमापन. जेवणाच्या सुट्टीत पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरच्या शाळेतील बाई आमच्याकडे आल्या. रुमालाच्या गाठीतून त्यांनी नखाएवढे मेमरी कार्ड काढले. फोनचा पडदा फुटला म्हणून ते त्यांनी बाहेर काढून ठेवले होते. त्यावर २०२० सालच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे होती. "मुलांच्या पाठीमागे घरं दिसतात, सर," बाई म्हणाल्या, "ती घरं आता नाहीत."

२२ जुलै २०२१ हा दिवस या भागात कोणाला सांगावा लागत नाही. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या पाण्याने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि सुतारवाडी येथे दरडी आल्या. बाईंच्या माहेरचे घर महाडच्या बाजारपेठेत. तेथील कागदी अल्बमांचा चिखलात लगदा झाला. उरले ते हे कार्ड.

कार्यशाळेच्या खोलीत एक जुना संगणक होता आणि त्याला जोडलेला एक कार्ड रीडर. कार्ड जोडपट्टीत घातले, जोडपट्टी रीडरच्या खाचेत घातली. अगदी बरोबर बसली. दिवा लागला. पडद्यावर एक चौकट आली. तिचा अर्थ असा : या ड्राइव्हमधील डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? खाली दोन बटणे, 'होय' आणि 'नाही'. शेजारी बसलेल्या गुरुजींनी माउस 'होय'वर नेलाही होता. आम्ही त्यांचा हात धरला.

मग तेच कार्ड दुसऱ्या एका बाईंच्या नव्या फोनमध्ये घातले. तीनशेच्या वर छायाचित्रे होती, सगळी जशीच्या तशी.

गुरुजी बिचारे ओशाळले. पण आम्हाला त्यांची चूक दिसली नाही. यंत्राने प्रश्न विचारला, त्यांनी उत्तर देऊ केले. चूक असेल तर ती वस्तूत आहे आणि तिने विचारलेल्या प्रश्नात आहे. आपल्याकडे पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंचे सहसा होत नाही. म्हणून हा लेख.

गुण आधी

या कार्डाचे गुण मोठे आहेत आणि ते आधी सांगितले पाहिजेत. १९९० च्या दशकात कॅमेऱ्यांसाठी निरनिराळी कार्डे निघाली. १९९४ साली कॉम्पॅक्टफ्लॅश आले, १९९५ साली स्मार्टमीडिया, १९९७ साली मल्टिमीडिया कार्ड, १९९८ साली सोनीचे मेमरी स्टिक. प्रत्येकाचा आकार वेगळा, खाच वेगळी. १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता (पॅनासॉनिक) आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केले. लांबी ३२ मिलिमीटर, रुंदी २४ आणि जाडी २.१. पुढे २००५ साली मायक्रोएसडी आले : १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड. हळूहळू बाकीची बहुतेक कार्डे मागे पडली आणि हे दोन आकार घरोघरी पोहोचले.

कार्डाचा एक कोपरा तिरपा कापलेला असतो, त्यामुळे ते उलटे बसत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते बरोबर घालता येते. शिवाय जुने कार्ड नव्या रीडरमध्ये चालते. २००१ सालचे कार्ड शाबूत असेल तर आजचा रीडर ते विनातक्रार उघडतो. वीस-बावीस वर्षे एवढे सातत्य राखणे सोपे नाही. अडचण आहे ती उलट दिशेने, म्हणजे नवे कार्ड जुन्या रीडरमध्ये घालताना.

आत काय बदलत गेले?

बाहेरचा आकार तोच राहिला, पण आतील व्यवस्था दोन वेळा मोठ्या प्रमाणावर बदलली. हे दोन बदल वेगळे आहेत आणि ते वेगळे समजून घेतले तर पुष्कळ गोंधळ मिटतो.

पहिला बदल मोजणीचा. आपण किती मोठे आहोत हे कार्ड रीडरला काही ठरावीक अंकांत सांगते. पहिल्या पिढीच्या कार्डात या अंकांसाठी जागा मोजकी होती. रेशनकार्डाच्या अर्जावर माणसांच्या संख्येसाठी एकच चौकट असेल तर ९ पेक्षा मोठे कुटुंब लिहिता येत नाही, तसेच हे. वापरात आलेल्या कमाल किमती घेऊन गुणाकार केला तर ४०९६ × ५१२ × १०२४ म्हणजे २,१४,७४,८३,६४८ बाइट होतात. हेच ते २ जीबी. (काही कारखानदारांनी मानकाबाहेर जाऊन ४ जीबीची कार्डेही काढली, ती काही यंत्रांत चालत, काहींत नाही.) २ च्या घातांकांचा गुणाकार शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे : २ चा १२ वा घात, ९ वा आणि १० वा, घातांकांची बेरीज ३१.

शिवाय जुन्या पद्धतीत प्रत्येक बाइटला स्वतंत्र क्रमांक होता आणि क्रमांकासाठी ३२ द्विमान अंक. म्हणजे ४ जीबीपलीकडे क्रमांकच संपले असते. २००६ साली एसडीएचसी हा नवा प्रकार आला. त्यात क्रमांक बाइटला न देता ५१२ बाइटांच्या गठ्ठ्याला दिला. घरांना क्रमांक देण्याऐवजी गल्ल्यांना दिले असे समजा. या प्रकारची मर्यादा ३२ जीबी ठरवण्यात आली.

मोजणी बदलल्यावर नव्या कार्डाने आणखी एक काळजी घेतली. रीडरने नव्या पद्धतीची विशिष्ट आज्ञा दिल्याशिवाय ते कामाला लागतच नाही. 'अजून तयार नाही' एवढेच सांगत राहते. जुन्या रीडरला ती आज्ञा ठाऊकच नसते. त्यामुळे तो थांबून थांबून गप्प बसतो आणि आपल्याला वाटते, कार्ड गेले.

दुसरा बदल फाईलींच्या मांडणीचा. कार्डावर छायाचित्रे कोठे आहेत याची एक नोंद ठेवावी लागते. वर्गाच्या हजेरीपटासारखी ही नोंद असते : कोण, कोणत्या बाकावर. २ जीबीपर्यंतच्या कार्डांवर हा हजेरीपट फॅट-१६ पद्धतीने लिहिलेला असतो, ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसीवर फॅट-३२ पद्धतीने. २००९ साली एसडीएक्ससी हा ३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डांचा प्रकार आला आणि त्यासाठी एक्सफॅट ही मांडणी ठरवण्यात आली. ती मायक्रोसॉफ्टची, २००६ सालची. त्याआधीच्या, २००१ सालच्या विंडोज एक्सपी प्रणालीला वेगळी जोड बसवल्याशिवाय ती वाचता येत नाही. बाईंचे कार्ड ६४ जीबीचे होते आणि खोलीतला संगणक एक्सपीचा. रीडरला कार्ड दिसत होते, त्यावरचे बाइटही मिळत होते. अडले होते ते संगणकाचे : हजेरीपट वाचता येत नव्हता.

येथे एक तक्रार नोंदवली पाहिजे. ज्या मांडणीवर साऱ्या जगाची कार्डे चालणार, ती सर्वांना खुली असायला हवी होती. एक्सफॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टने खुला केला तो २०१९ साली. त्यानंतरच लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा मिळाली. मधली दहा वर्षे मानक सर्वांचे आणि त्याची किल्ली एकाकडे, असा प्रकार होता.

माहीत असलेला उपाय का वापरला नाही?

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. दोन वस्तू एकमेकींत बसतात, म्हणजे त्या एकत्र काम करतील, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत वेडेपणाचे नाही. आकार हे एक वचनच असते. आपल्या रायगड जिल्ह्यात नेरळ-माथेरानच्या रुळांतील अंतर ६१० मिलिमीटर आहे, तर वीर स्थानकावरून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. माथेरानची गाडी कोकण रेल्वेच्या रुळांवर बसतच नाही. न जुळणे डोळ्यांना दिसते, म्हणून अपघात होत नाही.

कार्डांच्या बाबतीत असे करणे अशक्य होते काय? मुळीच नाही, आणि याचा पुरावा या कार्डाच्या जन्मातच आहे. त्याच्या आधीचे मल्टिमीडिया कार्ड लांबी-रुंदीने हुबेहूब एसडीसारखे, पण जाडी १.४ मिलिमीटर. त्यामुळे जुने पातळ कार्ड नव्या खाचेत जाते, पण नवे जाड कार्ड जुन्या खाचेत जात नाही. चालते तेथे बसते, चालत नाही तेथे अडते. १९९९ साली जी गोष्ट इतकी नेटकी जमली होती, ती २००६ साली एसडीएचसी काढताना सोडून दिली. कडेला एक बारीकशी खूण, एखादा उंचवटा पुरला असता.

आमच्या आक्षेपाला एक उत्तर आहे आणि ते रास्त आहे. २००९ साली असा उंचवटा केला असता तर नुकसानच झाले असते. कारण एसडीएचसीच्या पुष्कळ रीडरना एसडीएक्ससी कार्डातील बाइट वाचता येतात. फरक केवळ मांडणीचा, आणि तो संगणकात जोड बसवून दूर होतो. लोखंडी दार लावून हा मार्ग बंद करणे शहाणपणाचे नव्हते. हे आम्ही मान्य करतो. पण मग आकार जे सांगू शकत नाही ते शब्दांनी सांगायला हवे. शब्दांची दोनच ठिकाणे आहेत : कार्डाचा चेहरा आणि संगणकाचा पडदा.

भिंगातून कार्ड

एक प्रयोग करा. वर्गात भिंग घेऊन मायक्रोएसडी कार्डाचा दर्शनी भाग मुलांना वाचायला सांगा. बोटाच्या नखाएवढ्या जागेत किती खुणा सापडतात ते फळ्यावर लिहा. बहुधा इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १०, यू अक्षराच्या पोटात १, व्ही आणि पुढे १० किंवा ३०, ए आणि पुढे १ किंवा २ आणि एक एकटा रोमन आकडा I, एवढे तरी निघेल.

आता गंमत पाहा. सी मधला १०, यू मधला १ आणि व्ही १० या तिन्ही खुणांचा अर्थ एकच : सलग लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० मेगाबाइट. एकाच गोष्टीसाठी तीन खुणा. उलट रोमन I आणि यू मधला १ हे दिसायला एक, पण अर्थ अगदी निराळे. पहिला कार्ड आणि यंत्र यांच्यातील मार्गाचा प्रकार सांगतो, दुसरा वेग सांगतो. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलाने एका राशीला तीन चिन्हे आणि दोन राशींना एकच चिन्ह वापरले तर आपण गुण कापू.

आणि कार्ड चालेल की नाही हे ज्यावर ठरते ते? एचसी किंवा एक्ससी ही दोन अक्षरे चिन्हाच्या कोपऱ्यात बारीक असतात. मांडणीचे नाव तर छापलेलेच नसते. वेगाच्या जाहिरातीला जागा आहे, जुळण्याच्या माहितीला नाही.

खोटा प्रश्न

आता तो पडद्यावरचा प्रश्न. 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही' हे विधान त्या दिवशी सरळ खोटे होते. कार्ड फॉरमॅट केलेले होते, त्यावर तीनशे छायाचित्रे होती. एक्सपीच्या नंतरच्या प्रणालीत शब्द बदलले. 'वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असे ती सांगते. हेही तितकेसे खरे नाही.

संगणकाला सत्य कळणे अवघड होते काय? एक्सफॅट मांडणीच्या पहिल्याच पानावर, तीन बाइट सोडून, तिचे नाव रोमन अक्षरांत लिहिलेले असते. एक्सपीच्या जन्मानंतर निघालेले हे नाव तिला ओळखू आले नाही हे समजू शकते. पण पान कोरे नाही, येथे काहीतरी लिहिलेले आहे, एवढे तरी तिला दिसायला हवे होते.

रायगड परिसरातल्या एखाद्या जुन्या घराण्याचा मोडी कागद मोडी न येणाऱ्या माणसापुढे ठेवा. तो म्हणेल, "मला हे वाचता येत नाही." 'हा कागद कोरा आहे, धुऊन देऊ का?' असे तो विचारणार नाही. २०२३ सालीच कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सरकारी दप्तरांतील मोडी कागद वाचण्यासाठी जाणकार शोधावे लागले. कागद होते, वाचणारे थोडे होते. सुदैवाने मधल्या काळात कोणी ते कोरे समजून धुतले नव्हते. संगणकाने एवढेच म्हणायला हवे : या कार्डावर माहिती आहे, मला ती वाचता येत नाही, दुसऱ्या यंत्रात पाहा. एका वाक्याचा खर्च आहे.

सर्वच दोष संगणकाचा असतो असेही नाही. काही फोन कार्डाला आपलाच अंतर्गत भाग करून घेतात. ही सोय ॲन्ड्रॉइडमध्ये २०१५ साली आली. अशा वेळी कार्डावरील मजकूर सांकेतिक होतो आणि त्याची किल्ली त्या फोनमध्ये राहते. ते कार्ड दुसऱ्या कोणत्याही यंत्रात कोरेच भासणार, आणि फोन गेला तर छायाचित्रेही गेली. शाळेची छायाचित्रे ठेवायच्या फोनवर ही निवड करू नये.

शाळेत काय करावे?

वस्तू सुधारेल तेव्हा सुधारेल. तोपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

रीडर कार्डापेक्षा धाकटा असावा, हा साधा नियम. शाळेसाठी नवा रीडर घेताना त्यावर एसडीएक्ससी लिहिले आहे का पाहावे. जुना कॅमेरा किंवा जुने नोंदणी यंत्र असेल तर उलट काळजी घ्यावी. आमच्या प्रयोगशाळेतील तापमान नोंदणारे एक यंत्र २ जीबीपेक्षा मोठे कार्ड स्वीकारत नाही; अशी दोन-तीन कार्डे आम्ही जपून ठेवली आहेत.

कार्ड ज्या यंत्राने लिहिले त्याच यंत्रात आधी उघडून पाहावे. फोन चालू असेल तर कार्ड काढूच नये, तारेने फोनच संगणकाला जोडावा.

मोठ्या कार्डाच्या किंवा जोडपट्टीच्या डाव्या कडेला एक सरकपट्टी असते. अनोळखी रीडरमध्ये घालण्यापूर्वी ती 'लॉक'कडे सरकवावी. पण तिच्यावर फार विसंबू नये. ती कार्डाच्या आत काहीच करत नाही; रीडर तिची जागा पाहतो आणि मान देतो. मान न देणारा रीडर असेल तर ती निरुपयोगी.

पुरात भिजलेले कार्ड लगेच यंत्रात घालू नये. पाण्याने आतील माहिती पुसली जात नाही. धोका असतो तो चिखलाचा, गंजाचा आणि ओलेपणी वीज देण्याचा. स्वच्छ पाण्याने हलके धुऊन, दोन-तीन दिवस सावलीत पूर्ण वाळवून मग पाहावे.

आणि चुकून 'होय' दाबलेच गेले तर? 'क्विक' प्रकारचे फॉरमॅट असेल तर बहुधा हजेरीपट तेवढा कोरा होतो. हजेरीपट फाटला म्हणून मुले वर्गाबाहेर जात नाहीत. पण त्याच बाकांवर नवी मुले बसवली की जुनी उठतात. म्हणून त्या क्षणापासून कार्डावर एकही नवे छायाचित्र घेऊ नये. फोटोरेक यासारखी विनामूल्य साधने अशा कार्डावरून पुष्कळ काही परत काढतात. पूर्ण फॉरमॅट मात्र वेगळे : विंडोज व्हिस्टापासून त्यात सगळीकडे शून्ये लिहिली जातात. तेथून परत काही मिळत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बाईंची छायाचित्रे दोन ठिकाणी उतरवून घेतली. निघण्यापूर्वी गुरुजींनी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'फॉरमॅट करू का असे विचारले तर नाही म्हणा, कार्ड काढा, दुसरीकडे लावून पाहा', आणि तो कागद त्या संगणकाच्या पडद्याखाली चिकटवला. जे वाक्य यंत्रात असायला हवे होते ते आता निदान यंत्राच्या बाहेर आहे. आपल्या शाळेतील संगणकावरही ते चिकटवावे, अशी आमची विनंती आहे.